दाराकडची जागा

थोरल्या जाऊबाईंचा फोन आला तेव्हा बुरुल स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच बोरसोकचा, म्हणजे तळलेल्या पावाचा, शिळा तुकडा चहात बुडवत होती. मंगळवारची सकाळ होती. इमारत गरम ठेवणारी वाफ यंदा अजून सोडली नव्हती, त्यामुळे भिंतीतल्या नळ्या गार होत्या आणि तिनं नवऱ्याचा स्वेटर अंगावर चढवला होता. कालिपाबाईंनी तब्येतीची चौकशी केली, गाय व्याल्याचं सांगितलं, बटाट्यांचं सांगितलं आणि मग म्हणाल्या, "ऐकलं बरं का. नातीनं ते कानाला लावायचं दिलं. दोनदा ऐकलं."

"मग, एजे?" मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ती त्यांना एजे म्हणे.

"पोरं छान वाजवतायत. जूमार्तचा हात जरा जड झालाय, टॅक्सी चालवून असेल. ते असू दे. मला एक सांग, तू मला दारात का बसवलंस?"

"दारात?"

"दारात, समोवाराशेजारी. ऐकताना पाठीला वारा लागत होता माझ्या. सत्तरीची झाले पोरी, आता तरी वर बसव." त्या हसल्या, मग खोकल्या, मग पलीकडे कुत्रं भुंकलं आणि फोन बंद झाला. बुरुलच्या हातातला बोरसोकचा तुकडा विरघळून पेल्याच्या तळाशी गेला होता. तो चमच्यानं काढावा की तसाच प्यावा हे तिला बराच वेळ ठरवता आलं नाही.

काम तसं सरळ होतं. थोरले, म्हणजे तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ, जाऊन येत्या शनिवारी वर्ष होत होतं. कोचकोरच्या पुढच्या त्या खेड्यात त्यांनी चाळीस वर्षं पोरांना तीन तारांचा कोमुझ शिकवला. त्यांच्या हाताखालच्या सात जणांपैकी आज एकही गावात नव्हता. जूमार्त मॉस्कोत टॅक्सी चालवत होता, सेइल कोरियात सोलजवळच्या कारखान्यात होती, बाकीचे कझान, ओश, आणखी कुठे कुठे. वर्षाच्या जेवणाला येणं कुणालाच जमणार नव्हतं. म्हणून प्रत्येकानं थोरल्यांची एकच चाल आपापल्या ठिकाणी एकट्यानं वाजवून तिच्याकडे पाठवली होती. जूमार्तनं गाडीत बसून, काचा वर करून. सेइलनं वसतिगृहातल्या पलंगावर, डोक्यावरून रजई ओढून, कारण शेजारणीची पाळी रात्रीची होती आणि ती दिवसा झोपायची. सात कोरडे, एकटे आवाज. त्यांना एका घरात आणून बसवायचं, शेजारी शेजारी, एकमेकांचं ऐकत वाजवतायत असं वाटलं पाहिजे, एवढंच बुरुलला करायचं होतं. तीस वर्षं रेडिओत आणि निवृत्तीनंतर घरच्या बंद गॅलरीत ती हेच करत आली होती. गॅलरीच्या भिंतींना तिनं सासरचे जुने लोकरीचे नमदे ठोकले होते. त्यांना अजून, पावसाळी हवेत, मेंढ्यांचा वास यायचा.

ती जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर वरून पाहिल्यासारखं एक गोल घर होतं, त्यात सात रंगीत ठिपके आणि एक आठवा, पांढरा. सात ठिपके वाजवणाऱ्यांचे, पांढरा ऐकणाऱ्याचा. ठिपका लांब नेला की आवाज नुसता बारीक होत नाही, त्याची धार जाते, तो भिंतींना लागून उशिरा पोहोचतो. जवळ आणला की बोट तारेला लागतं ते ऐकू येतं. आवाज घरात बसवणाऱ्या असल्या प्लगइनमध्ये तयार घरांची एक यादी येते. तीत चर्च होती, नाट्यगृहं होती, गुहा होती, पोहण्याचा तलावसुद्धा होता. लाकडी जाळीवर नमदे बांधून उभारतात आणि मोडून नेतात ते नमद्याचं गोल घर नव्हतं. नमदा आवाज पिऊन टाकतो, त्याच्या घरात घुमण्यासारखं काही उरत नाही, मग ते कोण कशाला मोजून ठेवील. पण बुरुलकडे ते होतं. तिनं ते स्वतः आणलं होतं. तेवढ्या एका गोष्टीचा तिला या कामात अभिमान वाटत होता, बाकी सगळ्या दिवसांचा नुसता शीण होता.

तिनं हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच जाऊबाईंच्या कानांनी ऐकलं. सातही जण समोर होते. पुरुष एका बाजूला, सेइल आणि दुसरी मुलगी एका बाजूला, आणि अगदी पलीकडे, तोरवर, दाराच्या बरोबर समोरच्या मानाच्या जागी, तिनं कुणालाच ठेवलं नव्हतं. थोरल्यांची जागा म्हणून ती मोकळी सोडली होती. आपण हे फार समजूतदारपणे केलं असं तिला कालपर्यंत वाटत होतं. आता ऐकताना तिच्या उजव्या गुडघ्यात कळ आली. मांडी मोडून, एक गुडघा वर करून बसल्यावर यायची तशी. मग तिच्या लक्षात आलं की त्या गुडघ्याशी समोवार आहे, डाव्या हाताशी पेल्यांची चवड आहे आणि मागे दाराचा पडदा हलतो आहे. आपण कुठे बसलो आहोत हे पाठीला आधी कळलं.

ती त्या घरात सून म्हणून आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. सून दाराशी बसते. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं, सांगावं लागत नाही. तिथे बसायचं, प्रत्येकाचा पेला अर्ध्यापर्यंतच भरायचा, कारण काठोकाठ भरलेला पेला म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखं. अर्धा पेला लवकर संपतो, परत येतो, परत भरायचा. म्हणजे बैठक जितकी रंगेल तितके हात थांबायचे नाहीत. थोरले तोरवर बसून वाजवायचे. ती त्यांच्याकडे थेट पाहत नसे, त्यांचं नाव घेत नसे. आजही घेत नाही. कॉम्प्युटरमध्येसुद्धा त्यांच्या रेकॉर्डिंगांना तिनं 'थोरले' एवढंच नाव दिलं होतं. न पाहता ऐकायचं म्हटल्यावर ऐकणं तीक्ष्ण होतं. कोण किती लांब बसलंय, कुणी कूस बदलली, कुणाचा पेला रिकामा झाला, हे तिला आवाजावरून कळू लागलं. पुढे रेडिओत नोकरी मिळाली तेव्हा साहेब म्हणाले होते, तुझ्या कानात मोजपट्टी आहे. मोजपट्टी कुठून आली ते तिनं सांगितलं नाही. मात्र सुट्टीत टेपरेकॉर्डर घेऊन ती गावी जायची, थोरल्यांना टिपायची आणि शहरात परत आल्यावर त्या टेपांतून पेल्यांचा किणकिणाट कापून काढायची. साहेबांना तो नको असे. कात्रीनं, एकेक किण. फरशीवर टेपचे तुकडे पडायचे आणि संध्याकाळी झाडणारी बाई ते नेऊन टाकायची.

आणि तरीही ती जागा सुटली नव्हती. वाद्यवृंद असो, लग्नाची गाणी असोत, मुलांच्या नाटकाचं संगीत असो, तिनं ज्याला ज्याला ऐकायला बसवलं त्याला दाराशीच बसवलं. सगळ्या देशानं तीस वर्षं तिच्या जागेवरून ऐकलं होतं, अर्धे पेले भरत, आणि कुणाच्या पाठीला वारा लागला नव्हता. तो लागला एका म्हातारीला. यावर हसावं की काय करावं ते तिला कळेना.

"जेवणाचं काय?" मेदेरनं दारातून विचारलं. तो तिचा नवरा. त्यानं आयुष्यभर ट्रॉलीबस चालवली होती आणि आता शहरानं ट्रॉलीबस बंद करून तारा उतरवल्यापासून घरात बसून होता.

"तुमच्या वहिनींना पसंत नाही पडलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, दारात बसवलंस."

मेदेरनं जरा विचार केला. "मग वर बसव. तुझंच घर आहे ते, माउसनं ढकलायचं तर आहे. मला असं ढकलता आलं असतं तर मी कधीच मोठ्या भावाच्या वर जाऊन बसलो असतो."

"तसं होत नाही हो."

"का नाही होत?"

तो गेल्यावर तिनं पांढरा ठिपका धरून खरंच ढकलला, सात जणांच्या मधून, तोरपर्यंत. डावं उजवं झालं, जवळचं लांब झालं. पण घर खोटं झालं. माणसं वळली आणि भिंती वळल्या नाहीत, असं काहीतरी. आवाज कुणीतरी चित्रातल्या खोलीत नेऊन चिकटवल्यासारखा पोकळ यायला लागला. का ते तिला ठाऊक होतं. घर तिनं दारातूनच टिपलं होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, वरच्या कुरणात. घराचा आवाज टिपायचा तर त्यात एकच छोटा, कोरडा धमाका करायचा आणि त्यानंतर घर काय बोलतं ते टिपून घ्यायचं. मग कुठलाही आवाज त्या टिपलेल्यातून गाळून काढला की तो त्या घरात वाजल्यासारखा होतो. तिनं बाजारातून फुगे नेले होते. थोरले तोरवर उशीला टेकून बसले होते, पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. "हे काय?" त्यांनी विचारलं. तिनं खाली पाहत सांगितलं, "तुमचं घर टिपून नेतेय." ते म्हणाले, "ने, ने. पण थंडी पडायच्या आत आणून दे, नाहीतर आम्ही उघड्यावर." मग त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. मी फोडतो." तिनं मायक्रोफोन कुठे ठेवावा याचा क्षणभरही विचार केला नाही. तो हातात घेऊन ती आपल्या जागी, दाराशी जाऊन बसली. थोरल्यांनी मांस कापायच्या सुरीचं टोक लावलं. फट्, आणि मग काहीच नाही, इतकं थोडं की ऐकू येईयेईपर्यंत नमद्यानं ते पिऊन टाकलं. थोरले हसले होते. ते हसू टिपलेलं नाही, कारण त्याच्या आधी तिनं बटण बंद केलं होतं. व्यवस्थित काम करायची सवय.

त्यांची इतर रेकॉर्डिंगं ढिगानं होती, पण त्यांच्या हातचा शेवटचा आवाज हाच. या चालीतली प्रत्येक तार त्या एका फुग्यातून जात होती. ठिपका वर न्यायचा तर वरून नवं घर टिपावं लागेल आणि हे टाकून द्यावं लागेल. तिनं हेडफोन काढले. कानांच्या पाळ्या दुखत होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला एका फुग्याचं एवढं काय, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं. बाहेर धुरकट हवेत डोंगर दिसत नव्हते, पण ते कुठे आहेत ते ठाऊक असल्यामुळे ती तिकडे पाहत राहिली.

दुपारी तिनं परत फोन लावला. म्हटलं, "एजे, असंच राहू दे का? शनिवारी मोठ्या स्पीकरवर लागेल, शंभर माणसांत कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

"तुम्हालाच कसं कळलं?"

"अगं, तू यायच्या आधी अकरा वर्षं त्या जागी मीच नव्हते का. उजवा गुडघा अजून दुखतो माझा." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, तो कार्यक्रम कुणासाठी आहे? माझ्यासाठी नाही, गावासाठी नाही. त्याच्यासाठी आहे. सात पोरं त्याला ऐकवायला जमतायत. मग तो काय दारात चपलांपाशी बसून ऐकेल? तू त्याची जागा मोकळी ठेवलीस, ते दिसलं मला. मोकळी जागा पाहायला कोण येतंय. त्याला तिथे बसव आणि तिथून ऐकव. नाहीतर मी लावू देणार नाही. पाहुणा चुकीच्या जागी बसवलेला मी या घरात कधी खपवून घेतला नाही."

"मला तिथून कसं ऐकू येतं तेच माहीत नाही, एजे."

"मग ये आणि बस. शुक्रवारी घर उभं राहतंय."

शुक्रवारी मेदेरनं गाडी काढली. घाटात ढग उतरले होते आणि गाडीचा काचेवर हवा सोडणारा पंखा बिघडला होता, त्यामुळे काचा पुसत पुसत जावं लागलं. मेदेर रस्ताभर सांगत होता की ट्रॉलीबसला असला त्रास कधी नव्हता. बुरुलच्या मांडीवर फुग्यांचं पाकीट होतं. वर्षाच्या जेवणाच्या आदल्या दिवशी सासरी फुगे घेऊन निघालेली सून. तिनं ते पिशवीत खाली, लॅपटॉपच्या मागे सरकवलं. सात जणांची ती चाल तिच्या डोक्यात चालू होती, पण कुठूनच नव्हती. ना दारातून, ना वरून. आपण अशा जागी आहोत जिथून काहीच कुठे नाही, असं तिला वाटलं आणि तिचा डोळा लागला.

घराचा सांगाडा सकाळीच उभा राहिला होता. तेच नमदे, तीच लाकडी जाळी. पुरुष मागच्या बाजूला चुलीचे खड्डे खणत होते. आत कालिपाबाई एकट्याच, पांढरं फडकं बांधून, पेले पुसत बसल्या होत्या. दिवसभराचा उजेड वरच्या धुराड्यातून खाली गोल पडला होता. बुरुलनं बूट काढले, वाकून आत आली आणि पाय आपोआप डावीकडे वळून दाराशी थांबले.

"तिथे नाही," कालिपाबाई म्हणाल्या. "जा वर."

"एजे, कुणी पाहिलं तर..."

"पाहू देत. म्हणावं, वायरी जोडतेय."

सहा पावलं होती. तिनं ती मोजली. सदतीस वर्षांत त्या सहा पावलांवरून तिनं हजारो पेले हातोहात पुढे पाठवले होते, पण स्वतः कधी चालून गेली नव्हती. तोरवर दुहेरी गाद्या होत्या. ती कडेला टेकली, मग जाऊबाईंच्या नजरेमुळे नीट बसली, आणि समोर पाहिलं. समोर दार होतं. दारातून बाहेरची पिवळी पडलेली झाडं दिसत होती, गाडीचं बॉनेट उघडून उभा असलेला मेदेर दिसत होता. आणि दाराच्या अलीकडे, सगळ्या उजेडात, तिची जागा दिसत होती. इथून दुसरीकडे कुठे पाहणं कठीणच होतं. ज्या जागेला ती आयुष्यभर आडोसा समजत आली ती या घरातली सर्वांत उघडी जागा होती.

तिनं मायक्रोफोन मांडला, जिथे त्यांचं डोकं यायचं तेवढ्या उंचीवर. कालिपाबाईंनी फुगा हातात घेऊन वळवून पाहिला. "लाल का आणलास? दुखवट्याच्या घरात?"

"पाकिटात सगळे असेच होते."

"बरं, कुठे फोडू?"

"आधी पुरुषांच्या बाजूला. मग बायकांच्या. मी बोट वर केलं की फोडायचा आणि मग अजिबात हलायचं नाही, बोलायचं नाही."

"न बोलायला तू मला शिकव," असं म्हणून त्यांनी डोक्याच्या फडक्यातली सुई काढली. एक फुगा फुटला. बाहेर कुणीतरी फावडं टाकून ओरडलं, काय झालं रे, आणि मेदेरचा आवाज आला, काही नाही, बायका कामं करतायत. मग ते टिपणं फुकट गेलं म्हणून पुन्हा एक. मग बायकांच्या बाजूला, जिथे सेइल बसेल तिथे, एक. म्हातारी दर वेळी डोळे घट्ट मिटत होती आणि नंतर, हलायचं नाही म्हणून, तशीच मिटलेली ठेवत होती.

"आता शेवटचा," बुरुल म्हणाली, "दाराशी."

कालिपाबाई गुडघ्यावर हात देत खाली बसल्या, बुरुलच्या जागी, त्यांच्याही जागी. "अजून वारा येतोच इथे," त्या म्हणाल्या. सुई वर धरून त्या बोटाची वाट पाहू लागल्या. बुरुलचं बोट अर्धवट वर गेलं आणि थांबलं.

संगीतशाळेत ती रेडिओची नोकरी सांभाळून लहान मुलांचा ऐकण्याचा वर्ग घ्यायची. त्यातला एक खेळ मुलांना फार आवडे. एक जण खिडकीपाशी, एक जण फळ्यापाशी. खिडकीतला टाळी देई, फळ्यापाशी मायक्रोफोन. मग दोघांनी जागा बदलायच्या आणि तीच टाळी उलट्या वाटेनं द्यायची. दोन्ही टाळ्या लावून ती विचारी, कुठली कुणीकडून आली? कुणालाच सांगता येत नसे. आवाज ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं परत येतो, ती सांगे, इकडून तिकडे जेवढा पोहोचतो तेवढाच तिकडून इकडे, रेसभर कमी नाही, रेसभर जास्त नाही. पोरं मोठे डोळे करून ऐकत. एकीनं विचारलं होतं, मग बाई, तुम्ही आम्हाला ऐकता तेवढंच आम्ही तुम्हाला ऐकतो? ती म्हणाली होती, हो, गप्प बसलीस तर. वीस वर्षं ती हे शिकवत आली होती आणि एकदाही तिला ते या घरासाठी सुचलं नव्हतं. थोरल्यांनी वर फोडलेला आणि तिनं दाराशी टिपलेला तो फुगा दारातून वर काय ऐकू जातं तेही सांगत होता. थोरले वाजवायला सुरुवात करण्याआधी नेहमी जरा थांबायचे, शेवटचा पेला खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत. ते शांततेसाठी थांबतात असं ती समजत आली होती.

"अगं, फोडू की नको?"

"नको, एजे," बुरुल म्हणाली. "दाराचा आहे माझ्याकडे. चालेल तोच."

"मग मी उगाच बसले का खाली? आता उठवणार कोण मला?"

"बसल्याच आहात तर पेले मांडा."

"सगळे?"

"सातच. रोजच्यासारखे."

कालिपाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पेले एकात एक घातले, सुटे केले, चटईवर एकेक ठेवत गेल्या. बुरुलनं मायक्रोफोन उचलून सहा पावलं खाली नेला आणि पेल्यांच्या अगदी जवळ धरला, इतका जवळ की चिनीमातीवर बोट घासल्याचं ऐकू यावं. मग तिथेच, चपलांशेजारी, लॅपटॉप मांडीवर घेऊन ती कामाला लागली. कंबर धरली होती. पांढरा ठिपका वर गेला. सात जण आपापल्या बाजूला, नव्या भिंतींच्या आत बसले, आणि या वेळी भिंती त्यांच्याबरोबर वळल्या. सर्वांत शेवटी तिनं पेल्यांचा किणकिणाट घेतला, त्याला दाराशी ठेवला आणि 'थोरले' नावाच्या फुग्यातून गाळून वर पाठवला.

हेडफोन तिनं आधी जाऊबाईंच्या कानांवर चढवले. म्हातारी डोळे मिटून ऐकत राहिली. चाल सुरू होण्याआधी कुठेतरी समोर, खाली, उजेडात पेले ठेवले जात होते. एक, दोन. सातवा टेकला. मग जूमार्तचा जड हात तारांवर पडला.

"बसला," कालिपाबाई मोठ्यानं म्हणाल्या, कानांवर हेडफोन असलेली माणसं बोलतात तशा. मग त्यांनी शेजारचा एक पेला पुढे सरकवला. बुरुलनं समोवाराची तोटी फिरवली आणि तो अर्ध्यापर्यंत भरला.